मोरारजींच्या सोन्याची अंगठी

साखरपुड्यात अंगठी हवीच हे कधी आणि कुणी ठरवलं, कोण जाणे. आजीच्या साखरपुड्यात साखरेचा पुडा होता, नारळ होता, साडी-खण होता, मांडीवर पंचांग घेऊन बसलेले गुरुजी होते, अंगठी नव्हती. आईच्या वेळी एक आली, पण ती बाबांसाठी, कारण जावयाला अंगठी घालायची रीत होती. आमच्यापर्यंत येता येता एकीच्या दोन झाल्या, त्यांना मखमली ट्रे आला, ट्रेमध्ये गुलाबाच्या पाकळ्या आल्या आणि ‘हात असाच राहू द्या, आजोबा जरा मागे’ म्हणणारा फोटोग्राफर आला.

त्या अंगठीतला हिराही बाहेरूनच आलेला. १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका जाहिरात कंपनीतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी ‘हिरा कायमचा’ अशा अर्थाची चार शब्दांची ओळ लिहिली, आणि लग्न ठरलं की हिरा, हे गणित अमेरिकेपासून जपानपर्यंत लोकांच्या गळी उतरलं. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू आपल्या सुरतेत पडतात हे खरं. पण आमच्यासारख्या घरात हिरा म्हणजे एखाद्या श्रीमंत मावशीच्या कानातल्या कुड्या, आणि त्याही कार्याला लॉकरमधून बाहेर येणाऱ्या.

माझं लग्न ठरल्यावर रीतसर लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या पेढीत गेलो. अंगठ्या सुरेख होत्या, त्याबद्दल वाद नाही. फक्त सगळ्या उंच होत्या. चार किंवा सहा नखांवर हिरा वर उचलून धरलेला, म्हणजे खालून-बाजूने प्रकाश आत शिरतो आणि खडा आहे त्याहून मोठा भासतो. टिफनी कंपनीने १८८६ मध्ये सहा नखांची अशी अंगठी बाजारात आणली आणि तेव्हापासून साखरपुड्याची अंगठी म्हटलं की डोळ्यांसमोर तेच चित्र येतं. प्रश्न माझ्या हातांचा होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माझे हात कुणाच्या तरी खांद्यावर, मानेवर, गुडघ्यावर असतात. ऐंशीच्या पुढच्या पेशंटची कातडी इतकी पातळ झालेली असते की नुसतं नख लागलं तरी सोलवटते. त्यावरून सोन्याची चार नखं फिरवायची? शिवाय तेल आणि पावडर त्या जाळीत जाऊन बसणार ते वेगळंच. हे सांगितल्यावर काउंटरवरचा मुलगा समजूतदारपणे म्हणाला, “मॅडम, ड्यूटीवर काढून ठेवायची.” काढून ठेवायच्या अंगठ्यांचं काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या विभागात बेसिनवर विसरलेल्या अंगठ्यांसाठी एक डबी ठेवलेली आहे.

मग त्याने ‘कस्टमाइज’ दाखवलं. मोठा पडदा, त्यावर गरगर फिरणारी अंगठी. खड्याचा आकार निवडा, धातूचा रंग निवडा, आत नाव कोरायचं का ते सांगा. डिझाइन तुमचं, असं तो म्हणत होता, आणि आम्ही त्यांच्याच दहा-बारा पर्यायांत बोट फिरवत होतो. थाळी आपण वाढून घेतली म्हणून स्वयंपाक आपण केला असं होत नाही. त्या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही, काम चोख असतं: संगणकावर आराखडा, त्याची मेणाची प्रतिकृती, अशा बऱ्याच प्रतिकृती एका मेणाच्या दांड्यावर फांद्यांसारख्या जोडायच्या, भोवती प्लॅस्टर ओतायचं, भट्टीत मेण वितळून जळून गेलं की त्या पोकळीत सोनं. फक्त माझ्या हातांबद्दल त्या पडद्याला विचारण्यासारखं काही नव्हतं.

आजीने तिची पिळाची अंगठी काढून दिली ती या सगळ्यानंतर. दोन तारा एकमेकींत पिळून केलेली साधी अंगठी, खडा नाही, मीनाकाम नाही. तिच्या लग्नात, मे १९६३ मध्ये, वाईला तिच्या वडिलांनी करवून घेतलेली. “ही मोडून कर,” म्हणाली, “मला आता सांध्यावरून उतरते तरी का? साबण लावून काढलीये.”

पेढीने वजन केलं, चार ग्रॅमला थोडी कमी. मग यंत्राखाली ठेवली. हल्ली कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्लाचा थेंब सोडत नाहीत. क्ष-किरणांचं यंत्र असतं, मिनिटभरात सोनं किती, तांबं किती, चांदी किती ते पडद्यावर येतं. आकडा आला अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. मुलाने अंगठी उलटीपालटी करून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. त्याच्या चेहऱ्यावर ‘तुमच्या पणजोबांना सोनाराने गंडवलं’ हा भाव स्पष्ट होता, फक्त तो बोलला नाही. आईचा चेहरा उतरला. जुनं ते बावनकशी, हे आमच्या घरात कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

घरी येऊन आजीला कसं सांगायचं याची आम्ही जुळवाजुळव करत होतो. तिने वाटाणे सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग! मोरारजींचं सोनं आहे ते. चौदा कॅरेट.”

झालं होतं असं. १९६२ च्या चीन युद्धात देशाची परकीय गंगाजळी आटलेली. बायका संरक्षण निधीला बांगड्या काढून देत होत्या, तरी चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्याची भूक काही कमी होईना. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण नियम आणले. दागिन्यांखेरीज जे सोनं घरात असेल ते जाहीर करा, आणि यापुढे नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं, टक्क्यांत ५८.५ च्या जवळपास. यंत्राने दाखवलेला आकडा हाच. सोनं हलकं झालं की लोकांचा मोह सुटेल, असा सरकारी हिशोब. मोह सुटला नाही. लोकांनी घडवणंच थांबवलं, नाहीतर मागच्या दाराने बावीस कॅरेट करून घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरेटवर हात बसलेल्या सोनारांना हे कडक, लालसर सोनं वळता वळेना आणि गिऱ्हाइकाला ते बघवेना. हजारो कारागिरांच्या हातचं काम गेलं, आत्महत्याही झाल्या. त्याच ऑगस्टमध्ये कामराज योजनेखाली, म्हणजे बड्या मंत्र्यांनी पदं सोडून पक्षाच्या कामाला लागायचं या योजनेत, मोरारजींचं मंत्रिपद गेलं, नियम मात्र राहिला. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. नंतर १९६८ मध्ये नियंत्रणाचा कायदा झाला, तो १९९० पर्यंत चालला.

“आमच्या सोनाराने विचारलं होतं अण्णांना, माझ्या वडिलांना,” आजी म्हणाली. “मास्तर, रात्री या, बावीसचं करून देतो. अण्णा म्हणाले, मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो.” मग थोडं थांबून, “माझी आई मात्र फार रडली हो. लोक काय म्हणतील, मुलीला पितळ दिलं.”

साठ वर्षं ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पेढीचा सल्ला सरळ होता: मोडीत द्या, नवं घ्या. व्यवहाराने बघितलं तर चूक काही नाही. चार ग्रॅम चौदा कॅरेटमध्ये शुद्ध सोनं २.३४ ग्रॅम. ते गाळून त्याचं अठरा कॅरेट केलं तर जेमतेम ३.१२ ग्रॅम होणार, त्यात गाळताना-घडवताना जाणारी घट वेगळी. पण गाळलं की आजीचं सोनं कुठलं आणि विट्याच्या गलाईवाल्याच्या मुशीतलं बाकीचं सोनं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सांगलीकडच्या खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं गाळायला जाऊन बसली आहेत. काम चोख, पण मूस कुणाच्या आठवणी वेगळ्या ठेवत नाही. मला अंगठी तशीच हवी होती, फक्त तिच्यावर काहीतरी बसवायचं होतं. अशा कामाला मोठी पेढी हात लावत नाही. आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांना आता विकायच्या जवळजवळ प्रत्येक नगावर शुद्धतेचा हॉलमार्क आणि एचयूआयडी हा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक लागतो. गिऱ्हाइकाच्या जुन्या अंगठीची डागडुजी करत कोण बसणार?

ओळखीतून रविवार पेठेतला एक कारागीर मिळाला. लाकडी जिना, वर एक खोली, खाली बैठकीवर चार-पाच जण, प्रत्येकापुढे बुटकं मेज. दादा पश्चिम मेदिनीपूरमधल्या दासपूरकडचे. तिकडच्या गावांतून घरटी कुणीतरी सोनारकामाला मुंबई-पुण्याला असतो म्हणे. बोलणं हिंदी, मराठी आणि बंगाली यांचं मिळून एक. खोलीत शिरताना चप्पल बाहेर, आणि निघताना पाय पायपुसण्यावर घासायचे, कारण त्या पायपुसण्यातही सोनं असतं. कानशीने घासलेला कीस मेजाच्या खणात पडतो. हात धुतलेलं पाणी बादलीत साठवतात. झाडलेली धूळ पोत्यात भरतात. मग झारेकरी येऊन ती धूळ विकत घेतात आणि धुऊन-गाळून त्यातलं सोनं काढतात. आपण ‘घडणावळ’ म्हणून बिलावर जी टक्केवारी बघून कुरकुर करतो, तिच्यात हे सगळं येतं.

दादांनी अंगठी डोळ्याला भिंग लावून बघितली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “ताई, ये तो बढ़िया है. हे झिजलं नाय.” पिळाची वरची बाजू गुळगुळीत झाली होती, पण तळहाताकडच्या बाजूला, जिथे भांड्याची मूठ, बसचा दांडा, खलबत्ता असं सगळं साठ वर्षं घासलं गेलं, तिथेही पीळ शाबूत होता. बावीस कॅरेटची असती तर तिथे नुसती तार उरली असती, असं त्यांचं म्हणणं. शुद्ध सोनं मऊ असतं. तांबं मिसळेल तसं ते कडक होतं. म्हणूनच खड्यांच्या दागिन्यांना आजही अठरा कॅरेट घेतात, चौदाही घेतात, आणि सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडल्यावर २०२५ मध्ये सरकारने नऊ कॅरेटलाही हॉलमार्क दिला. अण्णांच्या मुलीला लोक पितळ म्हणाले ते सोनं आता शोरूमच्या काचेत ‘डेली वेअर’ म्हणून मांडलेलं आहे.

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. अंगठी कापायची तर मूळ जोडावरच कापायची, नाहीतर पीळ तुटतो. पण जोड कुठे ते दिसत नव्हतं. दादांनी ती चिमट्यात धरून ज्योतीवर हळूहळू तापवली. तांबं जास्त असल्याने सोनं काळवंडायला लागलं, आणि त्या काळसर पिळावर एका ठिकाणी केसाएवढी फिकट रेघ उमटली. वाईच्या त्या सोनाराची झाळ, म्हणजे जोडासाठी वितळवलेला धातू. तिथे त्यांनी करवतीची तार लावली. तो केवढा आवाज! इतक्या छोट्या गोष्टीचा इतका कर्कश आवाज येईल असं वाटलं नव्हतं. आजीचं बोट माझ्यापेक्षा जाड, शिवाय खड्याच्या घरालाही जागा हवी, त्यामुळे थोडा तुकडा उरला. तो पुडीत बांधून आधी माझ्या हातात ठेवला आणि मगच पुढचं काम.

खड्याकडे येते. हिरा नको, हे माझ्यापुरतं ठरलं होतं. होणाऱ्या नवऱ्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा मुद्दा काढला. तोही कार्बनच, कडकपणा तोच, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या अंशानेच. मुद्दा चांगला होता. पण मला निळा रंग हवा होता आणि रोज वापरायला टिकणारा खडा हवा होता, आणि हे दोन्ही एकत्र म्हटलं की नीलम. माणिक आणि नीलम हे एकाच खनिजाचे भाऊ, कुरुविंद. क्रोमियमच्या अंशाने लाल होतो तो माणिक, लोह आणि टिटॅनियमने निळा होतो तो नीलम. कडकपणाच्या मोजपट्टीवर हिरा दहा, तर हे नऊ. मोती मला फार आवडतो, पण तो अडीच; माझ्या तेला-घामात त्याचं सहा महिन्यांत खोबरं झालं असतं. डायनाच्या अंगठीतही नीलमच होता, बारा कॅरेटचा, श्रीलंकेचा, आणि गंमत म्हणजे ती अंगठी खास घडवलेली नव्हती. गॅरर्ड या पेढीच्या कॅटलॉगमधून निवडलेली होती. राजघराण्याला तयार माल चालतो आणि कोथरूडच्या फिजिओथेरपिस्टला मात्र घडवून हवी असते.

नीलम म्हटल्याबरोबर मोठी आत्या उभी राहिली. “शनीचा खडा! तो सगळ्यांना लाभत नाही. आणि तोही साखरपुड्यात?” होणाऱ्या सासूबाई निवृत्त विज्ञान शिक्षिका, त्या शांतपणे म्हणाल्या की आमच्याकडे कुणी काही म्हणणार नाही. आत्याला तेवढ्याने समाधान होईना. शेवटी तडजोड अशी की खडा विकत घेण्याआधी तीन रात्री उशीखाली ठेवायचा, वाईट स्वप्नं पडली तर परत. सराफाला याचं काही नवल वाटलं नाही. त्याने वहीत ‘पसंतीवर’ असं लिहून पुडी दिली, म्हणजे हा त्यांचा रोजचाच व्यवहार असावा. मला बारा-पंधरा पेशंटनंतर उशीखाली जातं ठेवलं तरी झोप लागते. स्वप्नं पडली असली तर मला आठवत नाहीत. आत्याने ते होकारार्थी धरलं.

खडे जयपूरहून आलेल्या कागदी पुड्यांत होते. रंगीत खड्यांचं काम देशात जयपूरलाच सर्वांत जास्त चालतं. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच नीलम मखमली दिसतात. दाराबाहेर, सावलीत आणून धरले की अर्धे काळे पडतात. आम्ही मिळून तीन पुड्या फुटपाथवर उघडल्या, सराफाचा पोरगा शेजारी राखणीला उभा. शेवटी घेतला तो श्रीलंकेचा, फिकट, पावसाळ्यात उघडीप पडल्यावर दिसतं तसल्या निळ्या रंगाचा, आणि पैलू नसलेला. वरून नुसता गुळगुळीत घुमट. अशा खड्याला कॅबोशन म्हणतात. पैलूदार नीलमापुढे तो कमी दर्जाचा समजतात, कारण आत रेघा-धुके असलेला माल बहुधा असा घासतात. आमच्याही खड्यात एका कडेला रेशमी धुकं आहे. पण त्याला एकही धार नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

बसवायचा कसा, यावर मात्र दादांचं आणि माझं बराच वेळ चाललं. मला नखं नकोत, सगळीकडून बंद कोंदण हवं, इथपर्यंत एकमत. कोंदणाची पट्टी त्यांनी बावीस कॅरेटची घेतली, कारण ती खड्यावर दाबून वळवायची असते आणि मऊ सोनंच तसं वळतं. चौदा कॅरेटची पट्टी दाबायला गेलं तर खड्यावर जोर येतो. म्हणजे अंगठी कडक सोन्याची आणि कोंदण मऊ सोन्याचं. मतभेद झाला तो तळाशी. त्यांच्या हाताला जुन्या जडावकामाची सवय: मागून बंद, आत चकाकणारा वर्ख, त्याने रंग खुलतो. मी म्हटलं, मागून उघडं हवं, ब्रश घालून धुता आलं पाहिजे. दादा नाराज झाले. रंग मरेल म्हणाले. थोडा मेलाही. पण माझ्या हाताला लागणारं तेल त्या बंद डबीत गेलं असतं तर वर्ख वर्षभरात काळा पडला असता, आणि ते साफ करायला कोंदण उघडावं लागलं असतं.

झाळ आधी, खडा शेवटी. टाकणखार लावून कोंदण पिळाच्या दोन टोकांमध्ये जोडलं, घासलं, आम्लात टाकून काळेपणा काढला. मग खडा आत बसवून त्यांनी पट्टी एका बाजूला किंचित दाबली, लगेच समोरच्या बाजूला, मग उरलेल्या दोन बाजूंना, मग मधल्या जागा. स्कूटरचं चाक बसवताना नट असेच समोरासमोरचे आवळतात. एकाच बाजूने दाबत गेलं तर खडा तिरका बसतो. सगळं झाल्यावर त्यांनी भिंगाखाली कड तपासली, नखाने चाचपली, आणि मग माझ्याकडे न देता आपल्या पायजम्यावर जोरात घासली. धागा अडकला नाही. तेव्हा कुठे दिली.

माप मी स्वतः सांगितलं होतं, आणि त्या एका बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. बोटाचं माप बुडाशी घेतात, पण अंगठीला जायचं असतं मधल्या सांध्यावरून, आणि तो सांधा बुडापेक्षा जाड असतो. आमच्यासारख्यांचा तर हमखास. सकाळी बोट वेगळं, संध्याकाळी सुजलेलं वेगळं, मे महिन्यात आणखी वेगळं. ड्यूटीनंतर संध्याकाळी माप दिलं, किंचित सैल. अंगठी आता बोटापासून साडेतीन मिलिमीटर उंच आहे, म्हणजे नाहीच म्हणायला हरकत नाही. फोटोत दिसणार नाही, असं फोटोग्राफरने आत्ताच सांगून ठेवलंय.

होणाऱ्या नवऱ्याच्या अंगठीचं अजून काहीच ठरलेलं नाही. आजी म्हणते, उरलेला तुकडा त्याच्यात घाला. दादा म्हणतात, रंग वेगळा दिसेल. आणि त्याला स्वतःला टंगस्टनची हवी आहे, काळसर, ओरखडा न पडणारी, दोन हजारांत मिळते म्हणे. मी हाताच्या दुखापतींचे पेशंट बघते. बोट सुजलं की सोन्याची अंगठी छोट्या चकतीच्या कटरने मिनिटात कापता येते. टंगस्टन कार्बाइडवर तो कटर चालत नाही, ती पकडीत आवळून फोडावी लागते, आणि कॅज्युअल्टीत ऐन वेळी तसली पकड शोधत कोण फिरणार? तो म्हणतो, फोडता येते ना, मग झालं. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे.